कल्हई गेली, पण काळजी राहिली

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपण म्हणाल, मराठी शिकवणाऱ्या या गृहस्थाला लहान मुलांच्या यकृताची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे. परंतु आमच्या घरच्या एका जुन्या दुःखाने मला या विषयाकडे खेचून नेले. त्यातून जे वाचले, जाणत्यांकडून समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

मी वसईजवळच्या जूचंद्र गावचा. डोंगरावर चंडिकादेवी, खाली भातशेती आणि पलीकडे मिठागरे. आज गावाचे नाव रांगोळीच्या कलाकारांमुळे लांबवर गेले आहे. माझ्या आजीच्या तरुणपणी मात्र माणसे शेतावर आणि मिठागरावर राबत. आजी पहाटे कामाला जायची आणि तान्हे मूल घरी सासूपाशी राहायचे. त्याला म्हशीचे दूध. ते पितळेच्या पातेल्यात तापवायचे, त्यातच झाकून ठेवायचे आणि दिवसभर थोडे थोडे पाजायचे. माझ्या वडिलांच्या आधीचा एक मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला. आजी सांगायची, "पोराचे पोटान गोला झालता, डोले पिवले परले." यापुढे ती बोलत नसे, पदर तोंडाला लावून बसायची.

त्या मुलाला नेमके काय झाले होते, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण त्या काळी ही तक्रार घरोघरी ऐकू येई. लोक म्हणत, "मुलाचं लिव्हर वाढलं." सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचे मूल किरकिरे होई, जेवणावरची वासना उडे, पोट फुगे. हाताला लागणारे यकृत दगडासारखे कठीण होत जाई. शेवटी कावीळ दिसे, आणि मग बहुतेक मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. 1887 साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी या आजाराचे वर्णन केले. पुढे वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला आपल्या देशाचेच नाव मिळाले : 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस'. एकाच घरात दोन-दोन भावंडे जात, म्हणून कोणी म्हणे हा आनुवंशिक दोष, कोणी म्हणे विषाणू, कोणी आहाराला बोल लावी. जवळजवळ शंभर वर्षे कोडे सुटले नाही.

ते सोडवण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांची नावे यात प्रामुख्याने घ्यावी लागतात. 1979 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. टॅनर, डॉ. पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या मुलांच्या यकृतात तांबे साठलेले असते, आणि तेही प्रचंड. निरोगी मोठ्या माणसाच्या यकृताच्या एका ग्रॅम कोरड्या भागात पन्नास मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. या मुलांत तोच आकडा हजारावर जाई.

एवढे तांबे आले कुठून? 1983 साली याच मंडळींनी उत्तर सुचवले : मुलांच्या दुधाच्या भांड्यातून! आजारी मुलांचा इतिहास विचारता असे दिसले की, त्यांना फार लवकर वरचे दूध सुरू झाले होते आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेले व साठवलेले होते. 1987 साली निरोगी मुलांच्या आहाराशी तुलना केली, तेव्हाही हाच धागा हाती आला. दुधातील केसीन नावाचे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. म्हणून पितळेत तापवलेल्या दुधातून ते तांबे थेट बाळाच्या पोटात जाते.

येथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा होतो. आपल्या भाषेत 'कळकणे' असे क्रियापद आहे. पितळेत ठेवलेले ताक कळकते, चिंचेची आमटी कळकते. आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते, म्हणून तर कल्हईवाल्याला मान होता. माझ्या लहानपणी तो आमच्या आळीत येई. भाता चाले, भांडे तापे, नवसागराचा धूर नाकात जाई, आणि कथलाचा एक तुकडा क्षणात चांदीसारखा पसरे. मग भांडे पाण्यात पडले की 'चर्रर्र'! आम्ही पोरे त्या आवाजासाठीच थांबलेलो असू. कथलाचा तो पातळ थर म्हणजे अन्न आणि तांबे यांच्यामधली भिंत. पण कल्हईला पैसे पडतात. भिंत झिजली तरी चार महिने चालवून घेतले जाई. ताक कळकले तर तोंडाला कळते आणि माणूस ते ओतून टाकतो. दुधाची तशी चटकन शंका येत नाही आणि तान्हे मूल तर तक्रारही करू शकत नाही.

आता कोणी विचारील, तांबे इतके वाईट, तर मग शरीरात ते असतेच कशाला? श्रोतेहो, तांबे, जस्त, मँगनीज, सेलेनियम ही खनिजे शरीराला हवीतच, पण चिमटीएवढीसुद्धा नव्हेत, त्याहून पुष्कळ कमी. जास्तीचे तांबे बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे पित्त. यकृत ते पित्तात सोडते आणि ते शौचावाटे निघून जाते. तान्ह्या बाळात ही व्यवस्था अजून कच्ची असते. शिवाय आईच्या पोटातून येतानाच ते यकृतात तांब्याची शिदोरी घेऊन येते. त्यात बाहेरून भर पडली, म्हणजे आधीच भरलेल्या घागरीत आणखी ओतल्यासारखे होते.

पण दुसऱ्या काही मुलांत गोष्ट उलट असते. त्यांच्या पित्तनलिकाच जन्मतः बंद असतात किंवा जन्मानंतर बंद होतात. पित्ताची वाट अडली की तांबे आणि मँगनीज मागे तुंबते. मँगनीज तर मेंदूतही जाऊन बसू शकते. उलट जस्त आणि सेलेनियम कमी पडते. पित्ताशिवाय स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, म्हणून अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही अंगी लागत नाहीत. पहिल्या आजारात तांब्यामुळे यकृत बिघडले. दुसऱ्यात यकृताची वाट बिघडल्यामुळे तांबे साठले. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ओळखणे म्हणूनच तज्ज्ञाचे काम. नुसत्या रक्ताच्या आकड्यावर विसंबूनही चालत नाही. यकृत तांब्याने भरले असताना रक्तातले तांबे बेताचे दिसू शकते. रक्तातले जस्त बरेचसे अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरते. आजारी यकृताने ते प्रथिन कमी केले की जस्तही कमी दिसते. तेव्हा शेजाऱ्याने सांगितले म्हणून बाळाला खनिजांचे औषध आपल्या मनाने देऊ नये.

पुण्याच्या डॉक्टरांनी पेनिसिलामीन हे तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध या मुलांवर वापरून पाहिले. कावीळ दिसण्याआधी आणि आजार फार वाढण्याआधी ते सुरू झाले, तर काही मुले वाचली, मोठी झाली. पूर्वी जिथे आशाच नव्हती, तिथे हे थोडे नव्हे.

दूर ऑस्ट्रियातल्या तिरोल भागातही असाच आजार होता. 1900 ते 1974 या काळातली 138 बाळे तेथील डॉक्टरांनी मोजली. तिथेही दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात तापवले जाई. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. म्हणजे नाव 'इंडियन' असले, तरी दोष आपल्या मातीचा नव्हता. अर्थात अशा भांड्यातले दूध प्यालेले प्रत्येक मूल आजारी पडले नाही. काही घराण्यांत तांबे सोसण्याची शक्तीच उपजत कमी असावी, असे अभ्यासक मानतात. ठिणगी भांड्याची, पण गवत आधीच वाळलेले, असे म्हणा हवे तर.

आपल्याकडेही 1990 नंतर हा आजार दुर्मिळ झाला. डॉक्टरांनी आयांना शिकवले हे खरेच. पण त्यांच्या बरोबरीने दारोदार हिंडणाऱ्या बोहारणीलाही थोडे श्रेय द्यावे, असे मला वाटते! जुन्या लुगड्यांच्या बदल्यात तिने स्टीलचे पातेले दिले. घासायला सोपे, कल्हईची कटकट नाही, म्हणून बायकांनी ते घेतले. आपण एक जीव वाचवतो आहोत, याची ना बोहारणीला कल्पना, ना घेणारीला.

मग आज हे सारे उगाळायचे कशाला? कारण तांबे-पितळ पुन्हा घरात येत आहे. तांब्याच्या बाटल्या, पितळेची पातेली आता हौसेने घेतली जातात. मोठ्या माणसाने तांब्यातले पाणी प्यावे की नाही, या वादात मी पडत नाही. मात्र बाळापुरते दोन नियम पाळा. पहिला, तान्ह्या बाळाचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू नका, ठेवू नका. डब्यातली पावडर कालवायलाही तांब्यातले पाणी घेऊ नका. पहिले सहा महिने तर आईचेच दूध. दुसरा, बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही, किंवा त्याची शी पांढुरकी, खडूसारखी होऊ लागली, तर उन्हात धरून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पित्ताची वाट मोकळी करणारी शस्त्रक्रिया जपानच्या डॉ. कसाई यांनी 1959 साली जगापुढे मांडली. ती बाळ साठ दिवसांचे होण्याआधी झाली, तर यशाची आशा अधिक. त्यानंतरचा प्रत्येक आठवडा महाग पडतो.

काळीज हा शब्द आपण मायेसाठी वापरतो. पण मटणाच्या दुकानात काळीज मागितले, तर मिळते ते यकृतच. आजीचे काळीज त्या मुलापाशी अडकले ते अखेरपर्यंत. ते पितळेचे पातेले आजही आमच्या माळ्यावर आहे. दिवाळीला खाली काढून आम्ही ते चिंचेने लखलखीत घासतो, रांगोळीशेजारी ठेवतो आणि त्यात झेंडूची फुले घालतो. दूध मात्र त्यात घालत नाही.