शुश्रूषागृहातली बिनपगारी कामे



ज्या रोग्यापुढे वैद्यकशास्त्राने हात टेकले, त्याच्यासाठी करण्याजोगे काही उरले नाही, अशी आपल्यापैकी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. वस्तुतः कामांची खरी रास तेथूनच पुढे लागते, आणि तीतल्या कितीतरी कामांना वैद्यकाच्या पदवीची मुळीच गरज नसते.

१९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे अशा रोग्यांसाठीचे शुश्रूषागृह उभारणाऱ्या सिसिली साँडर्स डॉक्टर होण्यापूर्वी परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि त्या काळात मरणासन्न रुग्णांच्या एका संस्थेत सायंकाळी बिनपगारी कामास जात. वेदनाशामक औषध रोगी कळवळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी द्यावे, ही रीत त्यांनी पाहिली ती तेथेच. आपल्याकडे वांद्र्याचे शांती अवेदना सदन डॉ. लुई डिसोझा यांनी १९८६ साली स्थापिले, पुढे त्याची शाखा गोव्यात लोटलीला निघाली, आणि पुण्याला वारज्याचे सिप्लाचे असेच केंद्र १९९७ पासून चालू आहे. केरळाने मात्र याहून निराळी वाट धरली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयाने सुरू झालेले असाध्य रोग्यांच्या शुश्रूषेचे कार्य पुढे मलप्पुरमच्या गावोगावी शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच अंगावर घेतले, आणि २००८ साली राज्य शासनाने त्यास अधिकृत धोरणाचे स्वरूप दिले.

स्वयंसेवकाने करावयाचे तरी काय? रोग्याचे ओठ कोरडे पडले की ओल्या कापसाने टिपावे, पाठीला व्रण पडू नयेत म्हणून परिचारिकेच्या हाताला हात लावून त्याची कूस पालटावी, आणि त्याला बोलावेसे वाटले तर मधेच न तोडता ऐकावे. अमक्या वैद्याचा काढा सुचवू नये. (हा मोह आवरणे सुशिक्षितांनाच अधिक जड जाते, असे माझे निरीक्षण आहे.) घरी पडून असलेल्या रोग्याकडे गेल्यास खरी गरज पुष्कळदा त्याच्या पत्नीची असते: हयातीचा दाखला, बँकेतली सही, रेशनचे धान्य ही कामे तुंबलेली असतात, आणि नवऱ्यापाशी भरवशाचे माणूस बसल्यावाचून त्या बाईला उंबरठा ओलांडता येत नाही. तिला दोन तास मोकळे करून देणे ही सेवा औषधाच्या तोडीची आहे, हे मी जाणूनबुजून म्हणतो.

ज्याला आजाऱ्याची खोली सोसवत नाही, त्यानेही हळहळत परत फिरण्याचे कारण नाही. जमाखर्च लिहिणे, उसन्या दिलेल्या खाटा व चाकांच्या खुर्च्या यांची नोंद ठेवणे, वारसनोंदीचे अर्ज बिनचूक भरून देणे, असल्या दप्तरी कामांना निवृत्त कारकुनासारखा माणूस मिळणे कठीण.

सणासुदीला फळे वाटून छायाचित्र काढवून घेणाऱ्यांची वाण संस्थांना सहसा पडत नाही. वाण असते ती पावसाळ्यातल्या एखाद्या आडवारीही नेमक्या वेळी हजर होणाऱ्यांची. म्हणून ज्यांना या कामात रुजू व्हावयाचे असेल त्यांनी आपल्याला कोणता वार निश्चित मोकळा आहे, हे घरच्यांशी बोलून आधी मुक्रर करावे आणि मगच संस्थेच्या कचेरीत जावे.