जुना ॲम्प्लिफायर उघडण्यापूर्वी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक. विजेचे जे काही येते ते चाचांच्या दुकानात शिकलो. टिटवाळ्यात त्यांचे लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. ते बंद झाले तेव्हा व्हॉल्व्हचा एक ॲम्प्लिफायर माझ्या वाट्याला आला, आणि पहिल्याच दिवशी मी तो जाळला! स्पीकर न जोडता रेडिओ लावला आणि आवाज वाढवीत गेलो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कामातून गेला.

ट्रान्झिस्टरच्या यंत्राला धोका स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटण्याचा. व्हॉल्व्हच्या यंत्राचे उलटे आहे. त्याला भार मिळाला नाही तर ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब भलताच चढतो आणि गुंडाळीचे आवरण फुटते. म्हणून आधी स्पीकर, मग बटण.

पण स्पीकर किती ओहमचा? मागचे लेबल गेलेले असेल तर मीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ दाखवितो, १६ चा १२, ४ चा ३ ते साडेतीन. मीटर फक्त तांब्याच्या तारेचा रोध मोजतो. आवाजाच्या बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध त्याहून जास्त असतो.

ट्रान्सफॉर्मर ओळखण्याची युक्ती मला फार आवडते, कारण त्यात आपले शाळेतले गणित आहे. यंत्र बंद करून, ट्रान्सफॉर्मरच्या तारा सोडवून, व्हॉल्व्हकडच्या दोन टोकांना ६.३ व्होल्टचा बदलता दाब द्या. स्पीकरकडे ०.२ व्होल्ट मिळाला, तर वेढ्यांचे प्रमाण ३१.५. त्याचा वर्ग सुमारे ९९२. त्याला ८ ने गुणले की जवळजवळ ८,००० ओहम. ईएल ८४ च्या जोडीला असाच भार चालतो. तेथे ४ ओहमचा स्पीकर लावला, तर व्हॉल्व्हला भार निम्माच दिसेल. ‘वर्ग कशाला शिकायचा?’ असे विचारणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो.

आता बायस. गाणे थांबलेले असताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहू द्यायचा, ते बायसने ठरते. कमी ठेवला तर आवाज फाटतो, जास्त ठेवला तर व्हॉल्व्ह लवकर मरतो. समजा, कॅथोडला २७० ओहमचा रोध आहे आणि त्यावर १०.८ व्होल्ट मिळाले. भागाकार केला की ४० मिलिअँपिअर. त्यांतले सुमारे ४ स्क्रीनचे वजा केले की प्लेटचे ३६ उरतात. कॅथोड आणि प्लेट यांच्यात ३०० व्होल्ट असतील तर १०.८ वॅट. ईएल ८४ ची मर्यादा १२ वॅट, म्हणजे ठीक. प्लेट लालसर दिसली तर मात्र मोजत बसू नका, प्लग काढा.

प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. रोध लावून ते उतरवावे आणि मीटरने पुन्हा पाहावे. चालू यंत्रात मोजताना चाचा डावा हात खिशात ठेवीत. लहानपणी मला ती ऐट वाटे! दोन्ही हात आत असले तर विजेची वाट छातीतून जाते, हे पुढे समजले. पालकहो, मुलगा एकटा असताना त्याला असले यंत्र उघडू देऊ नका.

मी जाळलेला ट्रान्सफॉर्मर नव्याने भरून घेतला आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. येताना वही, पेन्सिल आणि पायांत रबरी चप्पल हवी.