मुरलेले लाकूड



आपल्या गावातील एखाद्या जुन्या सुताराला निलगिरीच्या फळ्यांचे कपाट करून मागा. तो हात जोडील. आज सरळ दिसणारी फळी महिन्याभरात पीळ घेते, टोकाला उलते, आणि कपाटाचे दार लागेनासे होते, असा त्याचा अनुभव. म्हणून आपल्याकडे निलगिरी म्हणजे परांचीच्या बल्ल्या, जळण, नाहीतर कागदाचा लगदा. सुताराची तक्रार खोटी नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात हे झाड ज्या ऑस्ट्रेलियातून उटकमंडला आले, त्या देशात याच कुळातील लाकडाच्या जमिनी, जिने आणि मेजे पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा नावाच्या लाकडाचे ठोकळे तर एके काळी लंडनच्या रस्त्यांत बसवले होते. मग दोष लाकडाचा, की ते हाताळणाराचा? आज याच प्रश्नाचा विचार करू.

प्रथम एक गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियात गेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी सुरुवातीस निलगिरीपेक्षा 'रेड सीडर'चा ध्यास घेतला. हा वृक्ष म्हणजे आपल्या सह्याद्रीत आढळणारा तून. दोन्ही एकाच जातीचे. लाकूड तांबूस, हलके, करवतीला मऊ, लवकर वाळणारे. त्याच्यामागे माणसे लागली आणि एकोणिसाव्या शतकातच न्यू साउथ वेल्सची बहुतेक मोठी झाडे तोडली गेली. सोयीचे लाकूड असे संपत गेले. अवघड लाकडाशी जमवून घेणे भाग पडले.

हे लाकूड अवघड का? उभ्या झाडात बाहेरचा भाग ताणलेला आणि आतला दाबलेला असतो. या ओढाताणीच्या समतोलावरच झाड वाऱ्यात उभे राहते. ओंडका चिरला की समतोल मोडतो आणि पहिलीच फळी धनुष्यासारखी बाहेर वाकते. म्हणून जाणता करवत्या एकाच बाजूने चिरत जात नाही. एक फळी या अंगाची काढली की ओंडका फिरवून दुसरी समोरच्या अंगाची काढतो, आणि मधला ठिसूळ गाभा टाकून देतो. लाकडाच्या तोंडाकडून पाणी फार वेगाने उडते. म्हणून ओंडका पडल्याबरोबर त्याची दोन्ही तोंडे मेणाने वा दाट रंगाने बंद करतो.

आता वाळवणे. लाकडातील पाणी दोन ठिकाणी असते. माठाचे उदाहरण घ्या. माठातले पाणी ओतून टाकले तरी त्याची भिंत ओलीच राहते. लाकडाच्या सूक्ष्म पेशींचेही तसेच. पोकळीतले पाणी जाईपर्यंत लाकूड सहसा आक्रसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी उरले, म्हणजे भिंती वाळू लागतात आणि आक्रसणे सुरू होते. तेही सर्व बाजूंनी सारखे नाही. वर्तुळांच्या अंगाने ते गाभ्याकडील दिशेच्या सुमारे दुप्पट असते. फळी वाकते ती यामुळे.

म्हणून फळ्यांची थप्पी सावलीत रचतात. प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या घालतात आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर येईल असे पाहतात. वर वजन ठेवतात. कडक उन्हाळ्यात थप्पीला गोणपाट गुंडाळतात, कारण बाहेरचे अंग लवकर वाळले आणि आतले ओले राहिले तर भेगा पडणारच. इंचभर जाडीला एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. घरातील सामानासाठी पाणी १० ते १२ टक्क्यांवर यावे लागते. शेवटचा टप्पा पुष्कळदा भट्टीत पुरा करतात.

'माउंटन ॲश' या उंच निलगिरीची खोड याहून वेगळी. पोकळीतले पाणी निघताना पेशींच्या भिंतींना आत ओढते, पेशी चेपतात आणि फळीवर धुण्याच्या खरबरीत पाटीसारख्या लाटा उठतात. अशी फळी वाया गेली असे कोणालाही वाटेल. पण ती बरीचशी वाळल्यावर बंद खोलीत काही तास पाण्याच्या वाफेत ठेवली, तर चेपलेल्या पेशी पुन्हा फुगतात आणि फळी बव्हंशी पूर्वरूपास येते! ऑस्ट्रेलियातील गिरण्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही युक्ती आत्मसात केली.

१३ जानेवारी १९३९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात भीषण वणवा पेटला. त्या वणव्यांत ७१ माणसे दगावली, कित्येक गिरण्या जळाल्या, आणि माउंटन ॲशची अफाट रानेच्या राने उभ्या उभ्या मेली. मेलेले झाड उभ्यानेच वाळून तडकते. म्हणून ती झाडे घाईने तोडून ओंडक्यांचे ढीग रचले आणि चिरण्याची पाळी येईपर्यंत त्यांच्यावर पाणी फवारले. लाकूड वाचवायचे तर कधी ते भिजत ठेवावे लागते, हा धडा त्या आगीने दिला.

१ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियाने सरकारी नैसर्गिक जंगलांतील व्यापारी तोड बंद केली, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियानेही त्याच वर्षापासून मोठ्या प्रमाणावरील तोड थांबवली. शेकडो वर्षे वाढलेला वृक्ष आता सहज मिळणार नाही. म्हणून वादळाने पडलेला किंवा रस्त्यासाठी काढावा लागलेला प्रत्येक ओंडका मोलाचा झाला आहे. दोन-तीनशे वर्षे वाढलेले झाड दोन महिन्यांच्या उतावळेपणाने चुलीत जावे, यापरते नुकसान कोणते?

आपली निलगिरी कोवळी असतानाच तोडली जाते. तिच्यात ताण अधिक असतो, हे मान्य केले पाहिजे. वाळवल्याने ती सागवान होणार नाही. पण आज कापली, उद्या चिरली आणि परवा रंधा मारला, अशा लाकडाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. लोणचे मुरायला आपण थांबतो. लाकडासाठीही थांबावयास शिकू या.