तार सा
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



‘शाळेने मला काय दिलं’ यावर बोलायला मला पाच मिनिटं मिळाली आहेत. ती मी एका लाकडी वाद्यावर खर्च करणार आहे. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

आपण नववीत होतो. संगीताच्या सरांनी गॅदरिंगसाठी काष्ठतरंग करायचं ठरवलं. कुणीतरी म्हणालं, जलतरंग करू या, वाट्यांत पाणी भरलं की झालं. सर म्हणाले, “बल्लारपुरात राहून वाट्या कशाला विकत घ्यायच्या? इथे आलापल्लीचं सागवान येतं!” मग एका सुतार मिस्त्रींकडून सागाचे उरलेसुरले तुकडे मागून आणले. सा ते तार सा, अशा आठ पट्ट्या करायच्या होत्या.

पट्टी टोकांवर टेकवून वाजवली की नुसतं ‘ठक्’ व्हायचं. मग सरांनी तिच्यावर बारीक मीठ भुरभुरलं आणि ते हलकेच ठोकत राहिले. मीठ सरकत सरकत दोन आडव्या रेघांत गोळा झालं. “इथे लाकूड हलत नाही, म्हणून इथेच टेकवायचं,” असं म्हणून त्यांनी त्या रेघांखाली सुंभाची दोरी घातली. चाळीस सेंटिमीटरच्या पट्टीला त्या रेघा दोन्ही टोकांपासून नऊ-नऊ सेंटिमीटरवर येतात. मग तीच पट्टी गायला लागली.

पेटीच्या स्वराशी जुळवताना स्वर चढवायचा तर टोक कापायचं, उतरवायचा तर पट्टीच्या पोटाखालून, मधोमध रंधा मारायचा. बांबूच्या काड्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून आपण ठोके केले होते. काडी पडली की लगेच उचलायची, दाबून ठेवली की स्वर तिथेच मरतो. लाकडाचा स्वर फार टिकतही नाही, म्हणून लांब स्वरासाठी दोन्ही हातांनी एकाच पट्टीवर भराभर वाजवत राहायचं. मींड निघत नाही, म्हणून चाल सरळ स्वरांचीच निवडायची.

सात पट्ट्या तयार झाल्या. आठवीचं लाकूड चांगलं, एकसारख्या रेषांचं, सरांनी मुद्दाम राखून ठेवलं होतं. दोन दिवस सर बाहेरगावी गेले. पेटीची किल्ली माझ्या मैत्रिणीकडे होती. मी तिच्याकडून ती मागून घेतली. मी गणितात पहिली येणारी! तार अर्धी केली की स्वर सप्तकभर वर जातो, हे मला माहीत होतं. म्हणून मी सागाची पट्टीही बरोबर अर्धी कापली. वीस सेंटिमीटर. वाजवली तर असा काही कर्कश टिपका निघाला की मी घाबरून ती पेटीच्या तळाशी दडवली.

सर आल्यावर विचारणा झाली. किल्ली जिच्याकडे, तिच्यावर संशय आला. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या स्कर्टला भुसा लागलेला तिने आदल्या दिवशीच पाहिला होता. तरी ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. तिला कार्यक्रमातून काढलं. दुसरं तसं लाकूड मिळालं नाही, म्हणून सरांनी तार सा न लागणारी धून बसवली. ती मी वाजवली. टाळ्याही मीच घेतल्या.

पुढे इंजिनिअरिंगला कंपनांच्या तासाला सूत्र आलं: तारेचा स्वर लांबीच्या व्यस्त प्रमाणात, पण वाकून कंप पावणाऱ्या पट्टीचा स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे पट्टी अर्धी केली की कंपनं चौपट, स्वर दोन सप्तकं वर. एकच सप्तक चढवायचं तर चाळीसची पट्टी सव्वाअठ्ठावीसच्या जरा वर ठेवायची. वर्गात सगळे ते उतरवून घेत होते. मला मात्र मैत्रिणीचा तो चेहरा दिसत होता.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या टीममधल्या मुलांना सांगते, चूक झाली तर आधी सांगा, मग दुरुस्त करू. हे सांगताना दरवेळी मनात टोचतं, कारण मी स्वतः तीस वर्षं सांगितलं नव्हतं.

सर, ती पट्टी मी कापली होती. तिने नाही.

गेल्या महिन्यात मी सागाची एक पट्टी करून घेतली. 28.3 सेंटिमीटर लांब कापून घेतली आणि ट्यूनर समोर ठेवून थोडी घासली. आपली जुनी पेटी शाळेने जपून ठेवली आहे, हे काल पाहिलं. सातही पट्ट्या आहेत, दोऱ्या मात्र कुजल्यात. त्या बदलायचं काम आपल्या बॅचने घ्यावं आणि ते वाद्य आठवी-नववीच्या मुलांच्या हाती द्यावं, अशी माझी विनंती आहे.

आणि तू, तिसऱ्या रांगेत बसली आहेस ना, जरा वर ये. ही पट्टी तुझी आहे. पहिला ठोका तू मार.