युद्धाचें मूळ धर्मभेदांत आहे काय?

धर्म आणि संस्कृति यांतील भेद हेंच जगांतील कलहांचें मूळ होय, हें मत नवें नाहीं. अमेरिकन पंडित सॅम्युएल हंटिंग्टन यांनीं १९९३ सालीं त्याची नव्यानें मांडणी केली. यापुढील मोठे संघर्ष मुख्यतः संस्कृतींच्या सीमांवर होतील, असें त्यांचें प्रतिपादन होतें. या मताची पारख करावयाची, तर जें युद्ध धर्मयुद्ध म्हणूनच प्रसिद्ध आहे, तेंच कसोटीस लावणें न्याय्य होईल. मध्य युरोपांत १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेलें तीस वर्षांचें युद्ध हें तसें आहे.

त्याचा आरंभ धर्माच्याच तक्रारींतून झाला. बोहेमियांतील प्रॉटेस्टंटांना १६०९ सालीं उपासनेचें स्वातंत्र्य लेखी मिळालें होतें. त्याचा भंग होत आहे असें पाहून त्यांच्या सरदारांनीं २३ मे १६१८ रोजीं प्रागच्या राजवाड्यांत राजाच्या दोन कारभाऱ्यांना व एका चिटणिसाला खिडकींतून खालीं फेंकलें. तिघेही वांचले, शांतता मात्र वांचली नाहीं.

परंतु पुढें काय घडलें? सॅक्सनीचा इलेक्टर प्रॉटेस्टंट. तरी १६२० सालीं तो कॅथॉलिक सम्राटाच्या बाजूनें उभा राहिला, कारण लुसेशिया प्रांत त्याच्या हातीं येणार होता. बंडखोर सरदारांचा पराभव होतांच त्यांच्या जमिनी जप्त होऊन सम्राटाच्या पक्षपात्यांकडे गेल्या. १६२९ सालीं सम्राटानें फर्मान काढलें कीं, १५५२ नंतर प्रॉटेस्टंटांनीं घेतलेली कॅथॉलिक धर्मसंस्थांची मालमत्ता परत करावी. येथें वाद ईश्वराचा किती आणि जमिनीचा किती, हें निवडून काढणें कठीण आहे.

यापुढें तर धर्माचा पडदाच विरला. फ्रान्सचा मुख्य प्रधान रिशेलिय हा स्वतः कॅथॉलिक धर्माचा कार्डिनल. परंतु सम्राटाचें हॅप्सबर्ग घराणें प्रबळ होऊं नये म्हणून त्यानें १६३१ सालीं प्रॉटेस्टंट स्वीडनच्या राजाला दरसाल चार लक्ष थेलर देण्याचा करार केला. १६४३ सालीं त्याच स्वीडननें आपल्याच पंथाच्या डेन्मार्कवर स्वारी केली.

म्हणून धर्मभेद निर्दोष ठरतो काय? तसें नाहीं. १६३१ च्या मे महिन्यांत माग्डेबुर्ग शहर सम्राटाच्या सैन्यानें जाळलें आणि सुमारें वीस हजार माणसें मेलीं. राजे आपापले लाभ मोजीत होते; सामान्य माणूस मात्र शेजाऱ्याला पाखंडी समजत होता. भेद हें सरपण होतें. तें पेटविणारे हात सत्तेचे व मालमत्तेच्या लोभाचे होते. सरपण कोरडें नसतें, तर एका ठिणगीनें तीस वर्षें आग धुमसली नसती.

यांतील खरा बोध १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहांत आहे. त्या तहानें कोणाचाही धर्म बदलला नाहीं. १ जानेवारी १६२४ रोजीं धर्मसंस्थांची मालमत्ता ज्या पंथाकडे होती, ती सामान्यतः त्याच्याकडे राहावी, असा नियम ठरला. साम्राज्याच्या सभेंत धर्मविषयक प्रश्न बहुमतानें न सोडवितां दोन्ही पक्षांनीं समेटानें सोडवावे, असेंही ठरलें. ओस्नाब्रुक येथें तर एकदां कॅथॉलिक व एकदां प्रॉटेस्टंट बिशप आळीपाळीनें नेमावा, अशी तोड निघाली.

भेद जसेच्या तसे राहिले आणि तें युद्ध थांबलें. भेद हेंच युद्धाचें पुरेसें कारण असतें, तर हें शक्य झालें नसतें. दोन समाजांत तेढ वाढूं लागली म्हणजे त्यांचे ग्रंथ किती वेगळे आहेत एवढेंच पाहून भागत नाहीं. जमीन, अधिकार व न्याय यांची वांटणी कशी झाली आहे आणि त्या भेदाला हवा कोण घालीत आहे, हें आधीं विचारावें लागतें. हा प्रश्न युरोपानें तीस वर्षांनंतर विचारला. तो पहिल्याच वर्षीं विचारणें यांतच शहाणपण आहे.