दाण्यातले विष आणि शेतातली निरुपद्रवी बुरशी

धान्यातला खडा दाताला कळतो, सोंडा सुपात दिसतो आणि खवट दाणा जिभेला समजतो. मात्र एक विष असे आहे की, ते दात, डोळे वा जीभ यांपैकी कोणासही दाद देत नाही. दळून, भाजून वा उकळून ते नाहीसेही होत नाही. या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट पिवळी बुरशी मक्याच्या कणसात किंवा भुईमुगाच्या शेंगेत शिरली म्हणजे ती हे विष तयार करते. बुरशी पाखडून अथवा पुसून काढता येईल. तिने दाण्यात सोडलेले विष मात्र तेथेच राहते. चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकते. तेव्हा या विषाचा बंदोबस्त स्वयंपाकघरात व्हावयाचा नाही. तो शेतात, कणीस भरण्यापूर्वीच झाला पाहिजे.

या विषाचा शोध लागला तो माणसांमुळे नव्हे, पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे सुमारे १ लाख पक्षी पटापट मेले. प्रथम रोगाची साथ असावी असे वाटले. पण चौकशीअंती बोट गेले ते ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे. त्या पेंडीतील बुरशीच्या नावाची आद्याक्षरे घेऊन विषाचे नाव पडले.

माणसांवरचा प्रसंग आपल्याच देशात घडला. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत आदिवासी खेड्यांमधून कावीळ व जलोदर यांची लागण दिसू लागली. या लोकांचे मुख्य अन्न मका. त्या वर्षी पावसाने आधी ताण दिला आणि काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस आला. कणसे भिजली, ती तशीच ओलसर साठविली गेली, आणि घरात दुसरे काहीच नसल्याने बुरसलेला मका दळून खाल्ला गेला. आजारी पडलेल्या ३९७ लोकांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतली कुत्रीही तशाच रोगाने मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनी तेथील मका तपासला, तेव्हा किलोमागे सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. भारतात आज धान्यासाठी कायद्याने ठरविलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या मक्यात मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष होते.

इतकी मोठी मात्रा क्वचितच पोटात जाते. पण थोडी थोडी रोज जाणारी मात्रा अधिक फसवी म्हटली पाहिजे, कारण ती लगेच कोणास आडवे करीत नाही. हे विष यकृताच्या कर्करोगास कारण होते, हे आता निःसंशय ठरले आहे. हिपॅटायटिस बी या काविळीचे विषाणू शरीरात असतील, तर धोका कितीतरी वाढतो. ज्या मुलांच्या आहारात ते वारंवार येते, त्यांची वाढ खुंटलेली आढळते.

आता खानापूरकर श्रोता म्हणेल की, आमचा तालुका भाताचा. मक्याच्या विषाशी आमचे काय देणेघेणे? मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूस पावसाची झोड असते हे खरे, आणि तुसाच्या कवचामुळे भातावर ही बुरशी मक्याइतकी सहज चढत नाही हेही खरे. परंतु नंदगड-बिडीकडून पूर्वेस सरकावे तसा पाऊस उणावत जातो, आणि बेळगाव जिल्ह्याच्या त्या अंगास मका, ज्वारी व शेंगा यांची शेते लागतात. तेथला मका भरड होऊन आणि शेंगांची पेंड होऊन भातकऱ्याच्याच गोठ्यात येते. म्हशीने असा आंबोण खाल्ला म्हणजे विषाचा काही अंश रूप बदलून दुधात उतरतो. दूध तापविल्याने तो जात नाही. ज्या घरात मक्याचा एक दाणा शिजत नाही, त्या घरातल्या पोराच्या पेल्यातही तो अशा वाटेने पोहोचू शकतो.

बांसवाड्याची ती हवाही या मुलखाला परकी नाही. श्रावण-भाद्रपदात पावसाने दडी मारावी, आणि कणसे तयार होऊन उभी असताना परतीच्या पावसाने गाठावे, हे अनेकदा घडते. मग मका डांबरी रस्त्यावर पसरून वाळविण्याची घाई होते, रात्री ताडपत्रीखाली त्याला घाम सुटतो, आणि बुरशीला हवे ते सारे मिळते. भरीस भर म्हणून २०१८ साली कर्नाटकात लष्करी अळीची एक अमेरिकन जात प्रथमच आढळली. तिने वा दुसऱ्या कोणत्याही किडीने कणसाला भोक पाडले की बुरशीस दार उघडले म्हणून समजावे.

मग उपाय कोणता? गंमत अशी की, उत्तम उपाय त्याच बुरशीच्या कुळात सापडला. फ्लेव्हस बुरशीचे सारेच वंश विषारी नसतात. काहींच्या अंगी विष घडविण्याच्या साखळीतला एखादा दुवाच तुटलेला असतो. काहींत ती साखळी मुळीच नसते. हे वंश मातीत वाढतात, कणसावरही बसतात, पण विष करीत नाहीत. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात पीटर कॉटी या शास्त्रज्ञाने कपाशीच्या शेतांत असे वंश हेरले आणि विचार केला की, विषारी बुरशीला मारण्यापेक्षा तिची जागाच दुसऱ्याने अडविली तर? एस. टी. सुटण्यापूर्वी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या उतारूस हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. जो आधी बसला त्याची जागा. हा उपाय तेथे १९९६ पासून मोठ्या शेतांवर करून पाहण्यात आला आणि २००३ साली त्यास कपाशीसाठी रीतसर मान्यता मिळाली.

पुढे नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय कृषिसंस्थेत याच कल्पनेवर 'अफ्लासेफ' हे द्रव्य तयार झाले. या कामाची धुरा वाहणारे रणजित बंद्योपाध्याय हे भारतीय, हे मुद्दाम सांगावयास हवे. आफ्रिकेत जाण्यापूर्वी ते हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये ज्वारीच्या रोगांवर काम करीत होते. कृती ऐकावयास साधी आहे. ज्वारी भाजून घ्यावयाची, म्हणजे ती उगवत नाही. तिच्यावर निर्विष बुरशीच्या चार स्थानिक वंशांचे बीजाणू चढवावयाचे. ओळखू यावी म्हणून ती निळी रंगवावयाची. पीक फुलावर येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी १० किलो, म्हणजे एकरी चार किलो, शेतात हाताने फेकावयाची. जमिनीत ओल असली की दोन-तीन दिवसांत दाण्यावर बुरशी फुलते, तिचे बीजाणू वाऱ्याने कणसावर जातात आणि विषारी बुरशी येईपर्यंत जागा भरलेली असते. विष पुष्कळदा ८० टक्के वा त्याहूनही अधिक घटते, आणि कणसे घरी आल्यावरही हे संरक्षण काही प्रमाणात टिकते. केनियात २००४ साली बांसवाड्याचीच पुनरावृत्ती होऊन मक्याने १२५ माणसे दगावली होती. त्या देशानेही पुढे आपल्या मातीतले वंश निवडून हा उपाय स्वीकारला.

आपल्या मातीतले, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. नायजेरियातील निळी ज्वारी आणून बेळगावच्या शेतात उधळणे शहाणपणाचे होणार नाही. तिकडच्या वंशाला इकडचा पाऊस व माती मानवेल याचा भरवसा नाही, आणि परक्या बुरशीला आपल्या रानात मोकळे सोडणे हे धाडसच होय. भारतीय जमिनीतही निर्विष वंश आढळले आहेत. त्यांतले खात्रीचे निवडून, त्यांचा गुण पिढ्यानपिढ्या टिकतो हे पारखून, ठिकठिकाणच्या शेतांत अनेक हंगाम त्यांची परीक्षा घ्यावी लागते. हे एकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे. ते कृषी विद्यापीठांचे आणि सरकारचे आहे.

तोवर हात बांधून बसण्याचेही कारण नाही. ट्रायकोडर्मा ही दुसरी उपकारक बुरशी आपल्याकडे मिळते. किलोभर बियाण्यास चार ग्रॅम चोळावी, किंवा कुजलेल्या शेणखतात मुरवून ते खत पेरणीपूर्वी जमिनीत घालावे. भुईमुगाच्या मूळकुजीवर ती गुणकारी आहेच. शेणखत आणि शेंगा धरताना दिलेले जिप्सम यांच्या जोडीने ती अफ्लाटॉक्सिनही उणे करते, असा प्रयोगांचा अनुभव आहे. तथापि ती निर्विष फ्लेव्हसची जागा घेऊ शकेल, असे सांगणे म्हणजे शेतकऱ्याची दिशाभूल ठरेल. दाणे भरताना पाण्याचा ताण पडू न देणे, शेंगा काढताना कुदळीने न फोडणे, मका १३ टक्के आणि शेंगा ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळविणे, सुरकुतलेले व काळवंडलेले दाणे बाजूस काढणे, ही जुनीच कामे आहेत, पण त्यांना पर्याय नाही. बाजूस काढलेले दाणे मात्र घाण्यावर वा गोठ्यात जाऊ नयेत. नेमके तेच होते, आणि निवडलेला चांगला माल दूरच्या बाजारी जाऊन टाकाऊ तो गरिबाच्या व गुरांच्या वाट्यास येतो.

खरी अडचण अजून पुढेच आहे. मार्केट यार्डात मका विकावयास नेला की अडत्या ओलावा पाहतो, कचरा पाहतो, वजन करतो. विष तो पाहत नाही, आणि त्याला ते दिसणारही नाही. विषारी मका आणि शुद्ध मका एकाच भावाने जातात. मग शेतकऱ्याने एकरी चार किलोचा खर्च कोणासाठी सोसावा? नायजेरियात हा प्रश्न पैशानेच सोडविण्याचा यत्न झाला. २०१३ पासून काही वर्षे तेथे, अफ्लासेफ वापरल्याचे तपासणीत सिद्ध झालेल्या मक्यास टनामागे १८.७५ डॉलरचे बक्षीस शेतकऱ्यांचा माल गोळा करणाऱ्यांना देण्यात आले. त्यांनी बियाणे, खत आणि ही निळी ज्वारी शेतकऱ्यांना पुरविली, आणि मक्याचे मोठे ग्राहक शुद्ध माल मागू लागले. पोल्ट्रीवाल्यांचे कारण सरळ होते. विषारी खाद्याने कोंबड्यांची वाढ थांबते आणि तोटा त्याच महिन्याच्या हिशेबात दिसतो. दूध डेअरीलाही हेच गणित लागू आहे. भारतात दुधातील या विषाची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. संघाने दूध घेताना स्निग्धांश पाहावा तशी अधूनमधून याचीही परीक्षा घेतली आणि शुद्ध दुधास लिटरमागे चार पैसे जास्त दिले, तर पेंड विकत घेणारा भातकरी मक्याच्या व्यापाऱ्यास, आणि व्यापारी मका पिकविणाऱ्यास, 'तुझ्या शेतात काय टाकले होतेस?' असे विचारू लागेल.