बापाच्या रकान्यात काय लिहायचं?

(छत्रपती संभाजीनगर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी समीक्षक नाही. मुंबईच्या गोदीत माल उचलणारा माणूस आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, कविता लिहितो, एवढंच. तुम्ही मला शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'वर बोलायला बोलावलंत. प्राध्यापक लोक या पुस्तकाच्या भाषेवर बोलतात, शैलीवर बोलतात. मी त्यातल्या एका हमालावर आणि एका म्हातारीवर बोलणार आहे. कारण मला वाटतं, आपण हे पुस्तक चाळीस वर्षं वाचलं, पण चुकीच्या माणसाकडे बघत वाचलं. आपली नजर पाटलाच्या वाड्यावरच खिळून राहिली.

आधी शब्द बघू. एक तोळा म्हणजे बारा मासे. तोळ्यात बारा मासे भरले तर माल पुरा. अकराच भरले तर एक मासा कमी, म्हणजे खोट. माणसाला अक्करमाशी म्हणायचं ते यावरून. तुझ्या जन्मात एक मासा कमी आहे, तू पुरा नाहीस. शिवी सोनाराच्या तराजूतून आली, पण तराजू कुणाच्या हातात आहे हे कुणी विचारलं नाही.

पुस्तक १९८४ साली आलं. लिंबाळे १९५६ सालचे, हन्नूरचे. हन्नूर सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यात. म्हणजे हे लिहून छापलं तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, इथं बसलेल्या तुमच्या-माझ्यासारखे. काही जण हे कादंबरीसारखं वाचतात आणि हळहळून बाजूला ठेवतात. ती कादंबरी नाही. ते जगलेलं आहे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. मसामाई महाराची लेक, गरीब मजुराची बायको, दोन मुलांची आई. हणमंता लिंबाळे या पाटलाची नजर तिच्यावर पडली. संसार मोडला. नवऱ्याने सोडलं, दोन्ही पोरं त्याच्याकडे गेली. पाटलाने तिला ठेवली, तिला पोर झालं, आणि पाटलाने ते पोर माझं नाही म्हणून हात झटकले. ते पोर म्हणजे हा लेखक. मग शाळेत विचारणार, बापाचं नाव काय? फॉर्मावर लिहायचं, पालक कोण, जात कोणती?

या शहरात नावाची किंमत मी सांगायला नको. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पाटीवर ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. आपल्याला ठाऊक आहे की नाव म्हणजे नुसती अक्षरं नसतात. पण आपल्याच घरातल्या एका पोराला बापाचं नाव नसतं तेव्हा आपण काय करतो, हा आजचा माझा प्रश्न आहे.

मनूने दहाव्या अध्यायात मिसळलेल्या रक्ताचा सगळा हिशेब मांडून ठेवलाय. ब्राह्मण बाई आणि शूद्र पुरुष यांचं पोर म्हणजे चांडाळ, सर्वांत खाली. वरची बाई खाली आली की धर्म बुडाला. आणि वरचा पुरुष खाली उतरला तर? तर त्याचं काही बुडत नाही. तो पहाटे आंघोळ करतो आणि पुन्हा पाटील होतो. बुडते ती बाई, बुडतं ते पोर.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली कायदा केला की पोराचा दर्जा आईवरून ठरणार. आई गुलाम, तर पोर गुलाम, मग बाप गोरा मालक का असेना. असं का? कारण पोर हे मालकाचं धन होतं. जेवढी पोरं जास्त, तेवढी मिळकत जास्त. आपल्याकडे नेमका उलटा रिवाज, की जात बापाकडून येते. पण बाप पाटील असला की तो रिवाजही गुंडाळून ठेवतात, कारण इथं नाव दिलं की जमिनीत वाटा मागेल. दोन देश, दोन उलटे नियम, आणि फायदा दोन्हीकडे मालकाचाच. नियम कुठलाही चालतो, साले खातं तेच भरतात.

त्या अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा माणूस गुलामीतून पळाला आणि १८४५ साली त्याने आपली कहाणी छापली. त्याचा बाप गोरा. मालकच बाप आहे असं लोक कुजबुजायचे. आई दूरच्या शेतावर राबायला. दिवसभराचं काम उरकून ती रात्री बारा मैल चालत यायची, लेकराजवळ पडायची आणि उजाडायच्या आत परत जायची. वाढवलं कुणी? आजीने, बेट्सी बेली तिचं नाव. हन्नूरच्या पोराला वाढवलं त्याच्या आजीने, संतामाईने. शंभरावर वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर, आणि चूल एकाच बाईची.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. त्या संतामाईच्या झोपडीत आणखी एक माणूस होता, महमूद दस्तगीर जमादार. पोर त्याला दादा म्हणायचं. तो मुसलमान, ती महारीण. लग्न नाही, निकाह नाही, कुणाची सही नाही. दादा एस. टी. स्टँडवर हमाली करायचा. पोराशी त्याचं रक्ताचं काही म्हणजे काही नातं नव्हतं. तरी ते पोर त्याच्या कमाईवर वाढलं.

मी पाठीवर ओझं घेतो, म्हणून मला हे वाचताना कळतं. हमालाचा पैसा कसा येतो? नगावर येतो. गाडी आली, ओझं उचललं, तर पैसा. गाडी चुकली तर नाही. असल्या पैशातून दुसऱ्याच्या पोराला घास द्यायचा म्हणजे रोज नव्याने ठरवायला लागतं. बापाला ठरवावं लागत नाही, त्याला रिवाज भाग पाडतो. दादाला कोण भाग पाडत होतं? गोदीत पहिल्या दिवशी गोणी उचलताना माझा तोल गेला, तेव्हा एका म्हाताऱ्या मुसलमान कामगाराने मला कंबरेत कुठे वाकायचं आणि भार कुठे घ्यायचा ते शिकवलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दादाचं पान वाचलं की मला चाचांचा हात आठवतो.

आणि संतामाई. शेणातले ज्वारीचे दाणे निवडून, धुऊन, वाळवून, दळून त्याची भाकर स्वतः खायची आणि मागून आणलेल्या चांगल्या पिठाची भाकर नातवाला द्यायची. त्या पोराने हट्टाने तिच्या भाकरीचा घास खाल्ला, आणि त्याला तो गिळवेना. मला त्या प्रसंगात नुसती गरिबी दिसत नाही. म्हातारीने आपल्या घरात दोन चुली मांडल्या होत्या, एक स्वतःच्या भुकेची आणि एक पोराच्या उद्याची. पोराने ती ओळ ओलांडली आणि आजीच्या ताटात बसला. म्हातारं माणूस आणि लहान पोर यांची दोस्ती मी याला म्हणतो.

पुढे लेखक स्वतःलाच विचारतो: बापाकडून मी लिंगायत, आईकडून महार, आणि ज्याने वाढवलं तो मुसलमान, मग त्याच्या मायेने मी मुसलमान का होत नाही? माझ्या मते सबंध पुस्तकाचं हृदय इथं आहे. आपण या प्रश्नावर रडतो आणि पुढे जातो. मी म्हणतो, थांबा, याचं उत्तर द्या.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात सांगितलं की जातीचा प्राण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त सांगितलं की खरा उपाय आंतरजातीय विवाह. हे आपल्याला पाठ आहे. पण पाटलाच्या वाड्यात रक्त कितीदा मिसळलं! गावोगाव, पिढ्यान् पिढ्या मिसळलं. मोडली का जात? उलट आणखी पक्की झाली. कारण बाबासाहेब बोलत होते ते बरोबरीच्या दोन माणसांच्या नात्याबद्दल, आणि वाड्यात होती ती जबरदस्ती. जिथं एका बाजूला चाबूक आहे तिथं रक्त मिसळलं तरी जातच जन्माला येते. हन्नूरमध्ये जात जर कुठे मोडली असेल तर ती वाड्यात नाही, त्या झोपडीत मोडली. तिथं रक्ताचा थेंब जुळत नव्हता, पण कुणी कुणाचा मालक नव्हता.

मग ते घर बरं झालं का? जखम भरली का? खोटं बोलणार नाही. पुस्तकात तो आईला फार कडू प्रश्न विचारतो. मला जन्मच का दिलास, असं विचारतो. वाचताना मला राग आला होता, की अरे, पाटलाला विचार, आईला काय विचारतोस? पण तोच लेखक पुढे आईची बाजू मांडत जातो. तिचा संसार कुणी मोडला, तिची पोरं कुणी तोडली, तिच्यापुढे दुसरी वाट कुठली होती, हे सगळं तोच लिहून ठेवतो. घर सांधणं म्हणजे बापाने येऊन डोक्यावर हात ठेवणं नव्हे. तो हात कधीच आला नाही, आणि आला असता तरी नको होता. सांधणं म्हणजे आईकडे बोट दाखवणारा हात खाली घेणं.

आता आपल्या घरचं सांगतो. माझ्या वस्तीत एक पोरगा आहे. आई आपली, बाप दुसऱ्या जातीचा, सोडून गेलेला. आजीजवळ राहतो. जयंतीला त्याला कविता म्हणायची होती. मंडळींत एक जण हळूच म्हणाला, "हा नक्की आपला का?" मी तिथंच बसलो होतो. मी, विद्रोही कवी, गप्प बसलो. पोरगा कागद खिशात घालून निघून गेला. त्या रात्री मी 'अक्करमाशी' पुन्हा काढलं, आणि पाटील कुठे कुठे बसलाय ते मला दिसलं. तो आमच्या बैठकीत बसला होता, माझ्या शेजारी, माझ्याच गप्प बसण्यात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गुजरातच्या रमेशभाई नायका यांच्या खटल्यात सांगितलं की बाप वरच्या जातीचा म्हणून पोराची जात आपोआप बापाची ठरत नाही. आईने तिच्या समाजात वाढवलं, तेच हाल भोगले, हे पोराला पुराव्यानं दाखवता येतं. म्हणजे कायदासुद्धा विचारू लागला की जन्म कुणी दिला ते राहू द्या, वाढवलं कुणी? ज्या घरात असं पोर आहे त्या घरी हा निकाल जाऊन सांगा. दाखल्याच्या कचेरीत त्या बाईबरोबर उभे राहा. हे काम भाषणापेक्षा मोठं आहे.

आणि आपल्या बैठकीत "कुणाचा तू?" हा प्रश्न बंद करा. विचारायचंच असेल तर विचारा, "तुला भाकर कुणी दिली?" तो सांगेल आजीचं नाव, मामाचं, एखाद्या दादाचं. तेच रकान्यात लिहा.

मी परत गेलो की आधी त्या पोराच्या आजीच्या दारात जाणार आहे. माफी मागणार आहे आणि कविता मागणार आहे. पुढच्या जयंतीला पहिला तो म्हणेल. कुणी हरकत घेतली तर मंचावरून आधी मी उतरेन.

जयभीम.